माजघरातील जोडगोळी

मांजर मुद्दाम पाळावे लागत नाही. ते आपण होऊन घरात येते आणि एकदा आले म्हणजे घर आपलेच आहे असे मानून राहते. कोकणातील एका जुन्या कौलारू घरात अशीच एक कबरी मांजरी कोणाला न विचारता राहावयास आली होती. घरात भाताच्या कणग्या होत्या आणि कणग्यांभोवती उंदीर होते. तेवढे निमंत्रण तिला पुरले. माणूस आणि मांजर यांचा संबंध मुळात असाच जुळला. माणसाने धान्य साठवले, धान्यामागून उंदीर आले आणि उंदरांमागून मांजर आले. सायप्रस बेटावरील सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाच्या शेजारीच पुरलेल्या मांजराचा सांगाडा सापडला. २००४ साली ही माहिती प्रसिद्ध झाली, तेव्हा हा शेजार किती जुना आहे ते जगाला कळले.

पावसाळ्याच्या तोंडी ती मांजरी दिसेनाशी झाली. दोन दिवसांनी माळ्यावरच्या पेंढ्यातून बारीक आवाज ऐकू येऊ लागला. आजी म्हणाली, "कुणी वर चढू नका रे. तिला संशय आला तर ती पिल्ले उचलून दुसरीकडे नेईल." मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते, असे जुनी माणसे म्हणतात. सातचा आकडा सोडला तर ही समजूत खोटी नव्हे. बोका, साप आणि माणसांचे कुतूहल यांपासून पिल्ले वाचवायची, तर जागा बदलण्यावाचून तिच्यापाशी दुसरा उपाय तो कोणता?

पिल्ले दोन होती. जन्मतः त्यांचे डोळे मिटलेले आणि कान दुमडलेले होते. आठ-दहा दिवसांनी डोळे उघडले ते निळे. मांजराच्या सर्वच पिल्लांचे डोळे प्रथम निळे असतात, त्यांचा खरा रंग पुढे सहा-सात आठवड्यांनी दिसू लागतो. पाचव्या आठवड्यात मांजरीने एकेकाची मान दातांत अलगद धरून त्यांना माजघरात आणले आणि मधल्या कणगीमागे ठेवले. मान धरताच पिल्लू हातपाय आखडून, शेपूट पोटाशी घेऊन अगदी निश्चल होते. त्या घरातील माणसांनी ती दोन्ही पिल्ले एवढी शांत पाहिली ती तेवढ्याच वेळी.

घरातील धाकट्या मुलीने त्यांची नावे ठेवली. करड्या रंगाचा तो भुऱ्या आणि पांढऱ्यावर काळे-तांबूस ठिपके असलेली ती चिंगी. चिंगी मादी आहे हे आजीने दुरूनच सांगितले होते. "तीन रंगांचे मांजर म्हणजे मांजरीच," ती म्हणाली. शास्त्रही जवळजवळ तेच सांगते. तांबूस आणि काळा हे दोन्ही रंग एकाच अंगावर उमटण्यासाठी आनुवंशिकतेचा जो योग लागतो, तो नरामध्ये क्वचितच जुळून येतो.

यानंतर त्या घराची घडीच विसकटली. तांदूळ निवडावयास बसावे, तर सुपात भुऱ्या. दप्तर उघडावे, तर आत चिंगी. आजीच्या लुगड्याचा पदर जमिनीवर लोळला की दोघेही त्याला दोन बाजूंनी लोंबकळत. एकदा शिंक्याखालच्या मडक्यावर चढून भुऱ्याने लोण्याचा वाडगा गाठला आणि वाडग्यासकट खाली आला. त्याच चुलीशेजारी गोड शिऱ्याची परात उघडी होती, पण तिच्याकडे दोघांपैकी कोणी ढुंकूनही पाहिले नाही. मांजराला गोडाची चवच लागत नाही; त्या चवीसाठी लागणारे एक जनुक त्याच्या ठिकाणी निकामी झालेले असते, हे २००५ साली सिद्ध झाले. आजीला मात्र शिरा वाचला एवढेच समाधान होते.

दोघांचे स्वभाव निराळे होते. चिंगी विचार करून खोडी काढी. पाटाच्या आड दबून, मागचे पाय जमिनीवर रोवून, कमर हलवून ती अंतराचा अंदाज घेई आणि मगच झेप टाकी. भुऱ्याला एवढा धीर नसे. तो आधी उडी मारी आणि कोठे पडावयाचे याचा विचार मागाहून करी. फडताळाच्या वरच्या खणातून तो एकदा असाच पाठीवर सुटला. पण जमिनीला टेकला तो चारही पायांवर. पडताना मांजर प्रथम डोके वळवते, मग अंगाचा पुढचा भाग आणि शेवटी मागचा. हे इतक्या झटकन घडते, की डोळ्यांना त्याचा पत्ता लागत नाही. म्हणूनच एतियेन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९४ साली पडत्या मांजराची एकामागून एक छायाचित्रे घेतली, तेव्हा पंडितांतही मोठी चर्चा झाली. ही कला पिल्लू सुमारे सातव्या आठवड्यापर्यंत पुरती शिकते. भुऱ्या तेव्हा नुकताच सात आठवड्यांचा झाला होता; त्याचे नशीब चांगले म्हणावयाचे.

त्यांची मारामारी पाहावयास थोरला मुलगा तासन् तास बसे. एक उताणे पडून मागच्या पायांनी दुसऱ्याच्या पोटावर लाथा झाडी. दुसरे त्याच्या मानेला तोंड घाली. पाहणाऱ्याला वाटावे की आता रक्त येणार. पण रक्त कधीच आले नाही. चावा जोराचा बसला की एक जण किंचाळून उठे आणि खेळ तेथेच मोडून दूर जाऊन बसे. मग दुसऱ्याला करमत नसे. अशा रीतीने दात किती रोवावेत आणि नखे केव्हा आत घ्यावीत, हे ती दोघे एकमेकांकडूनच शिकत होती. पहिल्या आठवड्यांत धाकटीच्या हातांवर ओरखडे दिसत. पुढे पुढे ते दिसेनासे झाले.

तरीही आजी कंटाळली होती. वाडीतील दुकानदाराला उंदरांसाठी एक मांजर हवे होते. "आठ आठवड्यांची झाली की एक त्याला देऊन टाकू. एक असले म्हणजे असा धुमाकूळ होणार नाही," असे तिने ठरवले. कोणते द्यावयाचे याविषयी घरात कोणी बोलत नव्हते. धाकटी तर त्या दुकानात खडीसाखर आणावयासही जाईना.

श्रावणातला सोमवार होता. आजी देवासाठी फुलांचा हार गुंफीत होती. कोणी हाक मारली म्हणून ती उठून ओटीवर गेली. परत येऊन पाहते, तो फुले विखुरलेली, सुई पाटावर, आणि दोऱ्याचा हातभर तुकडा नाहीसा झालेला. वाऱ्याने गेला असेल असे समजून तिने नवा दोरा घेतला. नेहमीप्रमाणे ती दोघांवर ओरडलीही.

दुसऱ्या दिवशी भुऱ्या खेळेना. तो दोनदा ओकला आणि पाठीला बाक काढून कणगीच्या कोपऱ्यात बसून राहिला. चिंगीने त्याच्या शेपटीवर झेप घेतली, तरी तो हलला नाही. थोरल्याने त्याचे तोंड उघडून पाहिले, तो जिभेखाली पांढऱ्या दोऱ्याचा वेढा! त्याने चिमटीत धरून तो ओढण्यासाठी बोटे पुढे केली. इतक्यात आईने त्याचे मनगट पकडले. गोठ्यातील गाईच्या निमित्ताने तालुक्याच्या पशुवैद्यांशी तिचा परिचय होता. तिने त्यांना दूरध्वनी केला. ते म्हणाले, "काही झाले तरी दोरा ओढू नका, ताई. तसेच घेऊन या."

मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक टोकदार काटे असतात. अंग विंचरावयास आणि हाडावरचे मांस खरवडावयास ते उपयोगी पडतात; पण तोंडात गेलेला दोरा याच काट्यांमुळे बाहेर टाकता येत नाही, तो आत आतच सरकतो. पशुवैद्यांनी थोरल्याला पुढचे समजावून सांगितले. "परकराच्या नेफ्यातली नाडी ओढली म्हणजे काय होते? कापडाच्या चुण्या पडतात ना? या दोऱ्याचे एक टोक जिभेला अडकले आहे आणि दुसरे आतड्यात उतरले आहे. आतडे त्याला पुढे ढकलू पाहते आणि त्याच्याच चुण्या पडतात. वरून ओढले असतेस, तर दोरा आतड्याला करवतीसारखा कापत गेला असता." थोरल्याने आपली बोटे नकळत खिशात घातली.

भुऱ्याला गुंगीचे औषध देऊन त्यांनी जिभेखालचा वेढा कापला. दोरा फार वेळ अडकून राहिला नव्हता, त्यामुळे तो आपोआप पुढे सरकेल अशी आशा होती. न सरकल्यास पोट उघडावे लागणार होते. भुऱ्याला दवाखान्यात ठेवून आई आणि थोरला रिकामी टोपली घेऊन परतले.

त्या दोन दिवसांत माजघरात काहीही पडले नाही, काहीही फुटले नाही. चिंगी कणगीमागे जाई, दप्तरात डोकावे, फडताळाखाली उभी राहून वर पाही आणि बारीक आवाजात हाक मारी. आजीने घरातले सगळे दोरे, वातींचा कापूस, फुलपुड्यांचे धागे, जुन्या मच्छरदाणीच्या दोऱ्यादेखील गोळा करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरल्या. ती कोणाशी फारसे बोलली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानदार पिशवी घेऊन आला. ओटीवर एकटीच बसलेली चिंगी पाहून तो म्हणाला, "आजी, हीच नेऊ का?"

"पिशवी घेऊन घरी जा बाबा," आजी म्हणाली. "नेशील तर दोन्ही नेशील, आणि दोन्ही मी देणार नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला. दोरा विष्ठेवाटे बाहेर पडला होता आणि भुऱ्याने दोनदा मागून खाल्ले होते. त्याला परत देताना पशुवैद्यांनी गाईचे दूध बंद करावयास सांगितले. पुष्कळ मांजरांना ते पचत नाही, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. रिक्षातून उतरताच धाकटीने टोपली माजघरात नेऊन उघडली. आता दोघांची मोठी भेट होणार, म्हणून सगळी माणसे भोवती उभी होती.

चिंगी पुढे आली, तिने वास घेतला. आणि अंग फुगवून, कान पाडून ती भुऱ्यावर फिसकारली. धाकटीला रडूच आले. पण त्यात चिंगीचा दोष नव्हता. मांजर डोळ्यांपेक्षा नाकावर अधिक विश्वास ठेवते, आणि भुऱ्याच्या अंगाला औषधांचा आणि परक्या जनावरांचा वास येत होता. तिच्या लेखी तो भुऱ्या नव्हताच. आजी उठली. दोघे ज्या जुन्या गोधडीच्या तुकड्यावर झोपत, तो तिने आणला आणि भुऱ्याचे सर्वांग त्याने हळूहळू पुसले. मग तो तुकडा कणगीमागे अंथरून तिने सर्वांना बाहेर घालवले.

दिवेलागणीला धाकटीने हळूच डोकावून पाहिले. चिंगी भुऱ्याचा कान चाटीत होती. भुऱ्या डोळे मिटून पडला होता, पण त्याच्या शेपटीचे टोक हलत होते.

दुसऱ्या दिवशी आजी देवापुढे हार गुंफीत बसली होती. एकाएकी माजघरात धडाड् असे काही कोसळले आणि त्यामागून चार-चार पावलांची धावपळ ऐकू आली. आजीने प्रथम सुई पाहिली, मग दोरा पाहिला, मग डब्याचे झाकण दाबून पाहिले. नंतरच तिने आत वळून विचारले, "काय पाडलेत रे?"