मोटारीचा विमा : हप्ता कशाचा, आणि स्वस्त कशाला म्हणावे?

मोटारीच्या कर्जाचा हप्ता किती, व्याजदर किती आणि मुदत किती, या तीन प्रश्नांची उत्तरे बहुतेक कर्जदार ग्राहक न अडखळता देतात. त्याच मोटारीच्या विम्याचा हप्ता कशाकशाचा मिळून झाला आहे, असे विचारले की मात्र उत्तर येते, "ते एजंटला ठाऊक." वर्षातून एकदा नूतनीकरणाची सूचना येते, रक्कम पाहून कपाळाला आठी पडते आणि "यंदा काहीतरी कमी करून द्या" अशी विनंती केली जाते. एजंटही कमी करून देतो. नेमके काय कमी झाले, हे पुष्कळदा मोटार चोरीला गेल्यावरच कळते. ते आधी कळावे, एवढ्यासाठी हा लेख.

सर्वसमावेशक पॉलिसीत वस्तुतः दोन स्वतंत्र विमे एकत्र नांदत असतात. पहिला तृतीय पक्षाचा, म्हणजेच थर्ड पार्टी विमा. आपल्या वाहनामुळे दुसऱ्याचा मृत्यू झाला, कोणी जखमी झाले किंवा कोणाच्या मालमत्तेची हानी झाली, तर द्यावी लागणारी भरपाई त्यातून दिली जाते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ अन्वये हा विमा सक्तीचा आहे. तो नसताना वाहन रस्त्यावर आणल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्यासाठी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दंडाची भीती त्या मानाने क्षुल्लकच म्हणावी लागेल. अपघातातील मृत्यूबद्दल न्यायाधिकरण जी भरपाई ठरवते, तिला या विम्यात कमाल मर्यादा नाही, आणि विमा नसेल तर तीच रक्कम वाहनमालकाच्या घरादारावर येते.

या भागाचा दर शासन ठरवते. त्यामुळे तो सर्व कंपन्यांत सारखाच असतो आणि त्यात घासाघीस संभवत नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकानुसार खासगी मोटारीसाठी वार्षिक हप्ता १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असा ठरवण्यात आला. विजेवरील मोटारींना त्यात १५ टक्के सवलत ठेवण्यात आली. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी हा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. म्हणूनच खरेदीच्या वेळचा आकडा मोठा दिसतो आणि पुढील दोन वर्षे फक्त दुसऱ्या भागाचेच नूतनीकरण करावे लागते.

हा दुसरा भाग म्हणजे स्वतःच्या वाहनाच्या हानीचा विमा. चोरी, आग, पूर, टक्कर हे सारे त्यात येते. याचे दरही एके काळी ठरावीक होते. १ जानेवारी २००७ पासून ते मुक्त झाले आणि तेव्हापासून एकाच मोटारीसाठी दोन कंपन्या दोन निरनिराळे आकडे सांगू लागल्या. हप्ता कमी करण्याची खरी संधी याच भागात आहे, आणि फसगत होण्याची जागाही हीच.

घोषित मूल्य आणि कर्जाची बाकी

या भागाचा हप्ता प्रामुख्याने 'आयडीव्ही'वर, म्हणजे विमेदाराने घोषित केलेल्या मूल्यावर आकारला जातो. उत्पादकाच्या चालू विक्रीकिमतीतून वाहनाच्या वयानुसार घसारा वजा करून हे मूल्य काढतात. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्ष पूर्ण होईपर्यंत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के. पाच वर्षांनंतर ते कंपनी व ग्राहक यांच्या संमतीने ठरते. मोटार चोरीस गेली किंवा दुरुस्तीपलीकडे मोडली, तर मिळणाऱ्या भरपाईचा आधार हाच आकडा असतो. आपण ती किती रुपयांना घेतली होती, हा प्रश्न त्या वेळी उरत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, आठ लाख रुपये किमतीची १,२०० सीसीची मोटार साडेसहा लाखांच्या कर्जावर घेतली. व्याजदर ९ टक्के आणि मुदत सात वर्षे. तीन वर्षे सारे हप्ते वेळेवर भरले आणि विम्याचा एकही दावा केला नाही. मोटारीची विक्रीकिंमत तेवढीच राहिली असे धरले, तर चौथ्या वर्षाच्या नूतनीकरणाला घोषित मूल्य येते ४,८०,००० रुपये. कंपनीचा दर अडीच टक्के मानू. म्हणजे १२,००० रुपये. तीन दावामुक्त वर्षांबद्दल ३५ टक्के बोनस वजा जाऊन राहिले ७,८०० रुपये. त्यात तृतीय पक्षाचे ३,४१६ मिळवले आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आकारला की एकूण रक्कम सुमारे १३,२३५ रुपये होते.

आता "काहीतरी कमी करा" म्हटल्यावर एजंट घोषित मूल्य चार लाखांवर आणतो. हप्ता करासह सुमारे १,५३४ रुपयांनी उतरतो आणि ग्राहक समाधानाने धनादेश लिहितो. चार महिन्यांनी मोटार चोरीस गेली, तर या दीड हजारांच्या बदल्यात ऐंशी हजारांची भरपाई गेलेली असते. आणि गोष्ट इथेच थांबत नाही. नूतनीकरणाच्या दिवशी त्या कर्जाची बाकी असते सुमारे ४,२०,००० रुपये. कर्जाची मोटार असल्याने विम्याची रक्कम आधी बँकेकडे जाते. मूळ घोषित मूल्य कायम ठेवले असते, तर कर्ज फिटून हाती काहीशी रक्कम उरली असती. चार लाखांच्या मूल्यात मात्र, मधल्या चार महिन्यांत फिटलेले मुद्दल धरूनही, विम्याचे पैसे जेमतेम कर्जाला पुरतात. ग्राहकाच्या हाती ना मोटार, ना पैसा. पहिल्या दोन महिन्यांत चोरी झाली असती, तर नसलेल्या मोटारीच्या कर्जापायी पदरचे पैसे घालावे लागले असते.

घोषित मूल्य फुगवून घेण्यातही अर्थ नाही. हप्ता वाढतो आणि दाव्याच्या वेळी वाद उद्भवतो. कर्जदाराने नूतनीकरणाच्या दिवशी बँकेकडून कर्जाच्या बाकीचा आकडा घेऊन तो घोषित मूल्याशेजारी लिहून पाहावा. आमच्या मते, संपूर्ण नूतनीकरणात याहून महत्त्वाचे दुसरे काम नाही.

बोनस सांभाळणे, म्हणजे कधी कधी दावा न करणे

दावा न केल्याबद्दल मिळणारा 'नो क्लेम बोनस' पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि अखेरीस ५० टक्के अशा पायऱ्यांनी चढतो. तो केवळ स्वतःच्या हानीच्या भागावर मिळतो, तृतीय पक्षाच्या हप्त्यावर नाही. एक दावा केला की शिडी पुन्हा तळापासून चढावी लागते.

वरील उदाहरणातील मोटारीचा पुढचा बंपर फुटला असे समजू. बंपर ६,००० रुपयांचा, मजुरी २,०००. प्लास्टिक, रबर, टायर व बॅटरी यांवर कंपनी निम्मा घसारा धरते. म्हणजे बंपरचे ३,०००, मजुरीचे २,०००, एकूण पाच हजार. त्यातून सक्तीची वजावट १,००० रुपये. हाती येतात चार हजार. पाचव्या वर्षी घोषित मूल्य चार लाख व हप्ता दहा हजार धरला, तर ४५ टक्के बोनस म्हणजे ४,५०० रुपये आणि त्यावरचा कर एवढे नुकसान एकाच वर्षात होते. पुढील वर्षांचे निराळेच. गॅरेजवाला "इन्शुरन्समध्ये बसवून देतो" म्हणतो तेव्हा हा हिशेब तो मांडत नाही. त्याने मांडावा अशी अपेक्षाही नाही.

बोनस वाहनाचा नसून विमेदाराचा असतो, हे फार थोड्यांना माहीत असते. जुनी मोटार विकताना कंपनीकडून बोनसचे प्रमाणपत्र घेतल्यास तीन वर्षांच्या आत तो नव्या मोटारीला लागू करता येतो. याच कारणाने जुनी मोटार विकत घेणाऱ्याला आधीच्या मालकाचा बोनस मिळत नाही. खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत पॉलिसी आपल्या नावे करण्याचा अर्ज त्याने द्यावा. अन्यथा स्वतःच्या वाहनाच्या हानीचा दावा अडतो. पॉलिसी संपून नव्वद दिवस लोटले तरीही साठलेला बोनस बुडतो, आणि एक दिवसाचा खंड पडला तरी कंपनी वाहनाची तपासणी करवते.

उरलेल्या सवलतींपैकी ऐच्छिक वजावट विचारात घेण्याजोगी आहे. दाव्यातील ठरावीक रक्कम आपण स्वतः सोसू असे मान्य केले की हप्ता उतरतो. जपून चालवणाऱ्या आणि हाताशी थोडी शिल्लक बाळगणाऱ्या ग्राहकाला ती शोभते; अचानक पाच-सात हजार उभे करणे ज्यांना जड जाईल त्यांनी तिच्या वाटेस जाऊ नये. वैयक्तिक अपघाताचा पंधरा लाखांचा स्वतंत्र विमा आधीच असेल, तर तो दाखवून मालक-चालकाच्या सक्तीच्या अपघात विम्याचा हप्ता वाचवता येतो; १ जानेवारी २०१९ पासून तशी मुभा आहे. मोटार फारशी बाहेर पडत नसेल, तर जुलै २०२२ पासून परवानगी मिळालेल्या, किलोमीटरनुसार आकारणीच्या योजनांची चौकशी करावी.

पूरक संरक्षणे मात्र सरसकट घेऊ नयेत, सरसकट नाकारूही नयेत. नव्या मोटारीला शून्य-घसारा संरक्षण बहुधा उपयोगी पडते. इंजिन संरक्षणाचा विचार आपण कोठे राहतो ते पाहून करावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य मोटारी पाण्यात उभ्या राहिल्या. पुराने झालेली हानी मूळ पॉलिसीत येते. परंतु पाणी शिरलेले इंजिन सुरू करण्याच्या प्रयत्नात निकामी झाले, तर ती परिणामी हानी ठरवून कंपनी दावा नाकारू शकते. मुंबईच्या सखल भागात राहणाऱ्याने हे संरक्षण घ्यावे. सोलापूरकराने तेवढ्या पैशांचा दुसरा विचार केला तरी चालेल. कोणीही असो, पाण्यात बंद पडलेल्या मोटारीची किल्ली फिरवू नये. ती ओढून गॅरेजमध्ये न्यावी.

ज्यांची बदली राज्याबाहेर होते, त्यांच्यासाठी थोडेसे. विम्याच्या दरांसाठी देशाचे दोन विभाग मानण्याची प्रथा आहे. मुंबई, पुणे, नवी दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद व अहमदाबाद ही शहरे 'अ' विभागात. उर्वरित देश 'ब' विभागात. 'ब' विभागाचा दर किंचित कमी. विभाग ठरतो तो वाहनाच्या नोंदणीवरून, मालकाच्या मुक्कामावरून नव्हे. पुण्याहून इंदूरला गेलेल्या ग्राहकाने तेथे रीतसर पुनर्नोंदणी केल्यावर ती विमा कंपनीसही कळवावी. सीएनजीचा संच बसवला असल्यास त्याचीही नोंद नोंदणी पुस्तकात आणि पॉलिसीत, दोन्हीकडे हवी. काही शे रुपये वाचवण्यासाठी तो लपवणे म्हणजे दावा नाकारण्याचे कारण स्वतःहून कंपनीच्या हाती देणे होय.

दरांची तुलना करताना तीन कंपन्यांकडून एकाच घोषित मूल्यावर, त्याच पूरक संरक्षणांसह आणि करासहित लेखी आकडे मागवावेत. एरवी तुलना फोल ठरते. मोटार ज्या विक्रेत्याकडून घेतली त्याच्याकडूनच विमा घेण्याचे बंधन नाही. कर्ज दिले म्हणून बँकेमार्फतच घ्यावा असेही नाही, हे बँकेच्याच मासिकात लिहिताना संकोच वाटण्याचे कारण नाही. बँकेची अपेक्षा एवढीच, की विमा सर्वसमावेशक असावा, खंडित होऊ नये आणि पॉलिसीवर कर्जदात्या बँकेचे नाव असावे. कर्ज फिटल्यानंतर बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ घेऊन परिवहन कार्यालयात नोंदणी पुस्तकावरील बोजा उतरवावा आणि त्याच आठवड्यात विमा कंपनीला कळवून पॉलिसीवरील बँकेचे नावही कमी करून घ्यावे. ते तसेच राहिले, तर पुढे कधी दावा उद्भवल्यावर फिटलेल्या कर्जाचा दाखला शोधत शाखेत खेपा घालाव्या लागतात.