व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात करिअर: पदवी कुठली, आणि काम शिकवणार कोण?

मुलाने किंवा मुलीने ‘मला व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करायचं आहे’ असं सांगितलं की पालकांच्या पोटात गोळा येतो. दिवसभर दारुडे आणि गर्दुल्ल्यांमध्ये वावरायचं? पगार तरी काय मिळणार? नात्यातल्यांनी विचारलं तर सांगायचं काय? ही काळजी खोटी नाही, आणि ‘समाजसेवा आहे हो’ एवढ्या उत्तराने ती मिटतही नाही. म्हणून हे क्षेत्र नीट समजून घेऊ. एक गोष्ट मात्र आधीच सांगते: इथे पदवीचं नाव पाहून कॉलेज निवडू नका. त्या अभ्यासक्रमात रुग्णांबरोबर प्रत्यक्ष काम किती आहे आणि ते कोणाच्या देखरेखीखाली होणार आहे, हे पाहून निवडा.

गरज किती आहे?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने देशभर पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाले होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारांतच केला आहे. म्हणजे उपचार मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. तो हक्क पुरा करायला शिकलेली माणसं लागणार आहेत, आणि ती आज फार कमी आहेत.

या कामात करायचं काय?

‘रुग्णाला चार समजुतीच्या गोष्टी सांगायच्या’ असा अनेकांचा समज असतो. जुनं व्यसन असलेला माणूस केंद्रात दाखल होतो तेव्हा अनुभवी परिचारिका पहिला प्रश्न विचारते, ‘शेवटची कधी घेतली?’ मग विचारते, ‘याआधी बंद केली होती तेव्हा फिट आली होती का?’ बोलता बोलता ती त्याला दोन्ही हात पुढे करून बोटं पसरायला सांगते आणि थरथर किती आहे ते पाहते. कारण रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी थांबली, तर दोन-तीन दिवसांत काहींना भास होऊ लागतात, स्थळकाळाचं भान सुटतं. वेळेवर औषध मिळालं नाही तर ते जिवावर बेतू शकतं. अशा वेळी ‘मन खंबीर कर’ हा सल्ला कामाचा नसतो.

शरीर सावरलं की समुपदेशकाचं काम सुरू होतं. रुग्ण ‘मला काही प्रॉब्लेम नाही, बायकोने आणलं म्हणून आलो’ म्हणत असतो. त्याच्याशी वाद न घालता, त्याला स्वतःचाच हिशेब मांडायला लावणं हे कौशल्य आहे. त्याच्या बायकोने घरखर्च, मुलांच्या शाळा, सावकाराचे तगादे असं सगळं एकटीने ओढलेलं असतं. तिला स्वतंत्र वेळ द्यावा लागतो. घरी गेल्यावर फॉलोअप ठेवावा लागतो. पुन्हा प्यायला म्हणून रुग्णाला हाकलून द्यायचं नसतं. घसरण हा या आजाराचाच भाग आहे, हे धरून उपचार पुढे न्यायचे असतात.

वाटा कोणत्या?

*वैद्यकीय:* एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं एमडी मानसोपचार. त्यापुढे बंगळुरूच्या ‘निम्हान्स’सारख्या मोजक्या संस्थांत व्यसन-मानसोपचारातली डीएम पदवी आहे. वाट लांब आहे, पण औषधं लिहिण्याचा अधिकार याच वाटेने मिळतो.

*नर्सिंग:* जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी चार वर्षांचं. त्यानंतर मानसिक आरोग्य परिचर्येची पदविका करता येते. नोकरीची खात्री आणि कामाची गरज या दोन्ही बाजूंनी ही वाट भक्कम आहे, तरी पालकांच्या यादीत तिचं नाव क्वचितच असतं.

*क्लिनिकल सायकॉलॉजी:* इथे सर्वांत जास्त फसगत होते. मानसशास्त्रात एमए केलं म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्यता दिलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी लागते. वर्षानुवर्षं ही वाट दोन वर्षांच्या एम.फिल.मधून जात होती. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद करायचं ठरवलं, आणि परिषदेने त्याच्या जागी नवे अभ्यासक्रम आणायला सुरुवात केली. सध्याचा काळ बदलाचा आहे. त्यामुळे प्रवेश घ्याल त्या वर्षीची मान्यताप्राप्त संस्थांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

*समाजकार्य:* बीएसडब्ल्यू, मग एमएसडब्ल्यू. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था ही जुनी नावं आहेत. या अभ्यासक्रमाचं मोठं बळ म्हणजे फील्डवर्क. विद्यार्थी पहिल्या वर्षापासून वस्तीत, रुग्णालयात, केंद्रात जातो.

*समुपदेशन:* आज कोणीही चार महिन्यांचा कोर्स करून दारावर ‘काउन्सेलर’ची पाटी लावतो. हे बदलू लागलं आहे. २०२१ मध्ये झालेल्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात वर्तन-आरोग्य हा स्वतंत्र गट आहे. समुपदेशक आणि मनोसामाजिक कार्यकर्ते त्यात येतात. पुढे प्रमाणित शिक्षणाला आणि नोंदणीला महत्त्व येणार, हे धरूनच अभ्यासक्रम निवडा.

देखरेखीवर एवढा भर का?

गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने एक महत्त्वाचा प्रयोग केला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून प्राथमिक आरोग्य केंद्रांत, धोकादायक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांचं समुपदेशन करून घेतलं. एकेका रुग्णाला जास्तीत जास्त चार बैठका दिल्या. तीन महिन्यांनी पिणं धोक्याच्या पातळीखाली आलेल्यांचं प्रमाण समुपदेशन मिळालेल्या गटात ३६ टक्के होतं आणि केवळ नेहमीची सेवा मिळालेल्या गटात २६ टक्के. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. या समुपदेशकांच्या बैठका ध्वनिमुद्रित होत, गटात ऐकल्या जात आणि त्यांना गुण दिले जात. हे काम शिकवून येतं, पण शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याचं काम सतत तपासावं लागतं, हा या प्रयोगातून घ्यायचा धडा आहे.

चांगल्या केंद्रात हेच घडतं. शिकाऊ समुपदेशक बैठकीची टिपणं लिहून वरिष्ठांपुढे ठेवतो. वरिष्ठ एका ओळीवर बोट ठेवून विचारतात, ‘तो गप्प झाला तेव्हा तू लगेच उपदेश का सुरू केलास?’ अशा प्रश्नांतूनच समुपदेशक तयार होतो. एखाद्या रुग्णाच्या मृत्यूनंतर कोलमडलेल्या तरुण कार्यकर्त्याला सावरणाराही हाच वरिष्ठ असतो. म्हणून प्रवेश घेण्याआधी विचारा: इंटर्नशिप किती महिन्यांची, कुठल्या केंद्रात आणि आमच्या कामाची तपासणी कोण करणार? उत्तर मोघम मिळालं, तर दुसरीकडे पाहा.

महाराष्ट्रात शिकायला जागा आहेत

पुण्याचं ‘मुक्तांगण’ २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने सुरू केलं. तिथले अनेक कार्यकर्ते एकेकाळी स्वतः तिथेच रुग्ण होते. व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाला या क्षेत्रात मानाची जागा आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत सुरू केलेलं ‘कृपा फाउंडेशन’ आणि गडचिरोलीत २०१६ पासून गावोगाव काम करणारं ‘मुक्तिपथ’ या कामाच्या आणखी दोन वेगळ्या पद्धती दाखवतात. याशिवाय ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालयंही आहेत.

पालकांच्या प्रश्नांना उत्तरं

*पगार:* सुरुवातीला कमी असतो, हे स्पष्टच सांगायला हवं. अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांत अनुदान रखडलं की पगारही लांबतो. नोंदणीकृत पात्रता असेल तर वैद्यकीय महाविद्यालयं, खासगी रुग्णालयं, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, ‘टेली मानस’ ही हेल्पलाइन आणि कंपन्यांचे कर्मचारी-साहाय्य विभाग अशी दारं उघडतात. पहिली पाच वर्षं घराचा आधार लागेल, हे गृहीत धरून नियोजन करा.

*सुरक्षितता:* चांगल्या केंद्रात एकट्या मुलीला आक्रमक रुग्णासमोर बसवत नाहीत. कधी कोणाला बोलवायचं, याचे नियम ठरलेले असतात. प्रवेशाआधी केंद्राला भेट द्या आणि हे नियम विचारा.

*घरातच व्यसन असेल तर?* या क्षेत्राकडे येणाऱ्या अनेक मुलामुलींनी वडिलांचं पिणं जवळून पाहिलेलं असतं. तो अनुभव मोलाचा आहे, पण भरलेली जखम आणि उघडी जखम यांत फरक असतो. आधी स्वतःसाठी समुपदेशन घ्या. वडिलांना वाचवण्याची जबाबदारी मुलांच्या शिरावर टाकू नका. त्यासाठी ‘नशामुक्त भारत’ची १४४४६ ही हेल्पलाइन आहे.

आत्ता काय करता येईल?

करिअर ठरवण्याआधी ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या खुल्या सभेला जाऊन बसा. जवळच्या केंद्रात सुट्टीत स्वयंसेवक म्हणून काम मागा. मग स्वतःला एकच प्रश्न विचारा: ज्याच्यासाठी सहा महिने खपलो तो पुन्हा प्यायला, तर त्याच्यासाठी पुन्हा खुर्ची पुढे ओढण्याची माझी तयारी आहे का? उत्तर ‘हो’ असेल, तर पालकांनो, मुलांच्या पाठीशी उभे राहा. जी घरं वर्षानुवर्षं मदतीची वाट पाहत आहेत, त्यांना तुमच्या मुलांची नितांत गरज आहे.