भाव टिनाचा, खर्च छताचा

घरावर टिन टाकलं की आमच्या हिवरखेडात येणारा-जाणारा एकच प्रश्न विचारतो, "काय भावानं पडलं?" आपण फुटाचा भाव सांगायचा आणि ऐकणाऱ्यानं तो आपल्या टिनाशी ताडून पाहायचा, अशी रीत आहे. याच रीतीनं आमचं छत एकदा ठरलं आणि पहिल्याच मोठ्या वावधनात अर्धं गेलं. दुसऱ्यांदा छत टाकताना वही घेऊन बसले, तेव्हा कळलं की टिनाची किंमत म्हणजे छताच्या खर्चाचा जेमतेम तिसरा हिस्सा. बाकीचे दोन हिस्से टिनाच्या खाली आणि काठाला असतात. घर बांधणाऱ्यांनी, जुनं छत बदलणाऱ्यांनी मिस्त्रीच्या हातावर इसार ठेवण्याआधी हा हिशोब एकदा वाचावा.

टिनच का?

आमचं गाव तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. डोंगरातली वानरं गावात उतरतात आणि त्यांची ये-जा घरांवरूनच चालते. जुन्या घरावर कवेलू होते. मृगाआधी दरवर्षी ते फेरायचे आणि फेरून झाले की वानरांच्या टोळीनं पुन्हा फोडायचे. पुढे कवेलू फेरणारे हातही गावात उरले नाहीत.

सिमेंटचे पत्रे टिनापेक्षा कमी तापतात, पण वानराच्या उडीनं तडकतात. शिवाय त्यातल्या अनेकांत अजून ॲस्बेस्टॉस असतं. पत्रा कापताना, भोक पाडताना किंवा फुटल्यावर त्याची धूळ श्वासात जाते. तिच्यामुळे कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेनं स्वच्छ सांगितलेलं आहे.

स्लॅब उत्तम, यात वाद नाही. पण पाच इंची स्लॅबचं वजन दर चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जातं. विटा-मातीच्या भिंती, त्याही पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात आकसणाऱ्या काळ्या मातीवर उभ्या. त्यांच्यावर स्लॅब घालायचा तर आधी कॉलम-बीम उभे करावे लागतात. मग तो खर्च छताचा राहत नाही, घराचाच होतो. टिनाचं वजन दर चौरस मीटरला चार-पाच किलो. जुन्या भिंतींवर हलकं छत म्हणून टिन.

उडालं ते टिन नव्हतं

पहिल्या वेळी ज्या मिस्त्रीनं फुटामागे कमी भाव सांगितला, त्याला काम गेलं. टिन चांगल्या कंपनीचं, ठप्पा असलेलं होतं. वावधन आलं ते उन्हाळ्याच्या शेवटी. शिवारातल्या केळीच्या बागा झोपल्या आणि आमच्या ओसरीकडची पाख डब्याच्या झाकणासारखी उघडून शेजारच्या गोठ्यापाशी जाऊन पडली. घरात कुणाला लागलं नाही.

सकाळी पाहिलं तर टिनाचे स्क्रू जागच्या जागी होते. पाइपही टिनाला धरूनच होते. भिंतीवर मात्र पाइप नुसते ठेवून दोन्ही अंगांनी विटा आणि सिमेंट थापलेलं होतं. बोल्ट नाही, पट्टी नाही. अकोटहून बोलावलेल्या दुसऱ्या मिस्त्रीनं भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाला, "वहिनी, टिनाले काई झालं नाई. टिन ज्याच्यावर होतं, त्याले कोनं धरून ठेवलं नोतं."

वारा छताला खाली दाबतो असं आपल्याला वाटतं. खरं तर तो छताला वर ओढतो. ही ओढ वळचणीला, कोपऱ्यांत आणि आढ्यापाशी सगळ्यांत जास्त असते. ओसरीसारखी एक बाजू उघडी असली की खालून वाऱ्याचा रेटाही मिळतो. "वादळं कोकणात, आपल्याकडे कुठं?" असं कुणी म्हणालं तर एक आकडा सांगा. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक म्हणजे आयएस ८७५, भाग ३. त्यात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर.

भाच्याचा सल्ला

दुसऱ्या छताची तयारी चालली असताना टेक्सासमधल्या भाच्याचा फोन आला. "आत्या, टिन कशाला? आमच्यासारखे शिंगल्स टाका. पावसाचा आवाज नाही, दिसायला छान आणि टिनापेक्षा स्वस्त." डांबरी शिंगल म्हणजे काचतंतूच्या जाळीवर डांबर आणि वर बारीक खड्यांचा थर. त्याचे तुकडे एकावर एक चढवत खिळ्यांनी ठोकतात. अमेरिकेत बहुतेक घरांवर हेच असतं आणि तिथं धातूचं छत त्याच्या दुप्पट-तिप्पट महाग पडतं. भाचा त्याच्या गावचं खरंच सांगत होता. तेच गणित मी आमच्या घरावर मांडलं.

घर ३० बाय २० फूट, म्हणजे ६ ब्रास. चारही बाजूंनी दीड फूट वळचण धरली की ३३ बाय २३, म्हणजे ७५९ चौरस फूट. १२ फुटांना ४ फूट उतार दिला की तिरपं क्षेत्र ८०० चौरस फुटांवर जातं. जमिनीवर ६ ब्रास, छताचे ८. जमिनीच्या मापावर अंदाजपत्रक देणाऱ्याचा आकडा काम अर्ध्यावर आल्यावर हमखास वाढतो. पुढचे भाव मी हिशोबासाठी कर धरून गोल केलेले आहेत. तुम्ही आपल्या बाजारातले घाला. पोलाद आणि पत्र्यावर १८ टक्के जीएसटी असतो, तेव्हा भाव करासह आहे की कर सोडून, ते आधी विचारा.

टिनाचं छत:
• रंगीत टिन, ०.५० मिमी, सुमारे ३५० किलो, किलोला १०० रुपये: ३५,०००
• लोखंडी पाइपांचा सांगाडा ४५० किलो, घडणावळीसह किलोला ९०: ४०,५००
• आढ्याची कॅप, पट्ट्या, स्क्रू, मजुरी, फुटाला २५: २०,०००
• टिनाखाली फॉइल लावलेला फोम, फुटाला २०: १६,०००
एकूण १,११,५००

शिंगलचं छत:
• सांगाडा ६०० किलो, कारण प्लायच्या सांध्यांना जवळजवळ आधार लागतो: ५४,०००
• पाण्याला टिकणारा प्लाय, तूट धरून ८८० फूट, फुटाला ७०: ६१,६००
• शिंगल ८८० फूट, फुटाला ९०: ७९,२००
• खालचा डांबरी कागद, काठपट्ट्या, खिळे, फुटाला २०: १६,०००
• मजुरी, फुटाला ४०: ३२,०००
एकूण २,४२,८००

तिकडे स्वस्त असलेलं छत इकडे दुपटीहून महाग झालं. कारण शिंगल नरम असतो. त्याच्याखाली सलग फळी लागतेच. अमेरिकेतल्या लाकडी घरांत ती फळी घराबरोबरच बांधलेली असते. जुनं छत काढलं तरी फळी राहते आणि फक्त शिंगल बदलायचे असतात. आपल्याकडे ती फळी नव्यानं विकत घ्यायची. शिंगलला उतारही बरा लागतो: १२ ला ४ असला तर उत्तम, १२ ला २ पेक्षा कमी चालत नाही आणि ४ च्या खाली आला की डांबरी कागदाचा दुहेरी थर घालावा लागतो. त्यातून अकोला जिल्ह्याचं ऊन. पारा ४५ च्या वर गेला की डांबर वर्षागणिक कडक होत जातं आणि खडे झडू लागतात. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागातल्या घरकुलाला केंद्राच्या निकषानं १ लाख २० हजार रुपये मिळतात, अख्ख्या घरासाठी. शिंगलचं नुसतं छत त्याच्या दुप्पट झालं.

आयुष्याचा हिशोबही करून पाहिला. टिनाला २५ वर्षं धरली तर वर्षाला साडेचार हजारांच्या आत खर्च येतो. शिंगलला २० धरली तर बारा हजारांच्या वर. भाच्याला आकडे पाठवले. त्याचं उत्तर आलं, "आत्या, तुमच्याकडे टिनच."

टिन घेताना आणि टाकताना

जाडी तोंडी विचारू नका, काट्यावर पाहा. १२२० मिमी रुंदीच्या कॉइलमधून निघालेल्या ०.५० मिमी रंगीत टिनाचा एक मीटर साधारण साडेचार किलो भरतो, ०.४० मिमीचा साडेतीन किलो. फुटाच्या भावात 'स्वस्त' मिळणारं टिन पुष्कळदा पातळ असतं. ८०० फुटांच्या छतावर या दोन जाड्यांतला फरक साताठ हजारांचा, म्हणजे एकूण खर्चाच्या सात टक्क्यांचा. तेवढ्यासाठी पातळ टिन घेऊ नका. वानराच्या आणि गारांच्या माराला ते लवकर पोचे खातं. आणि हो, पन्हळीमुळं १२२० चं टिन बसल्यावर साधारण एक मीटरच झाकतं. मोजणी झाकलेल्या रुंदीनं करा.

लेप किती ते बिलावर लिहून घ्या. साध्या जस्ती टिनासाठी आयएस २७७ हे मानक आहे. त्यात जस्ताचा लेप दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला किती ग्रॅम, ते दिलेलं असतं. आकडा जितका मोठा तितकं गंजायला उशीर. ॲल्युमिनियम-जस्ताच्या लेपात ५५ टक्के ॲल्युमिनियम असतं आणि 'एझेड १५०' म्हणजे त्याचे १५० ग्रॅम.

सांगाडा भिंतीला बांधलाच पाहिजे. आमच्या दुसऱ्या छताला भिंतींवरून काँक्रीटचा पट्टा फिरवला, त्यात बोल्ट गाडले आणि पाइप त्या बोल्टांना कसले. पट्ट्याचा खर्च वरच्या हिशोबाच्या बाहेरचा आहे. भिंती जुन्या असतील तर तो वेगळा धरा. टिन चढवण्याआधी प्रत्येक बोल्ट स्वतः हलवून पाहा. एकदा टिन बसलं की तो सांधा दिसत नाही.

स्क्रू मधल्या पाइपांवर एक सोडून एक पन्हळीला चालतात, पण वळचणीला आणि आढ्याला प्रत्येक पन्हळीला हवेत. रबरी वॉशर चपटा होऊन फाटेपर्यंत आवळू देऊ नका, गळती तिथूनच सुरू होते. टिन ग्राइंडरनं कापलं तर ठिणग्यांनी लेप जळतो आणि तापलेला लोखंडी कीस छतावर चिकटून पहिल्या पावसात गंजतो. कात्रीनं कापायला लावा आणि संध्याकाळी छत झाडून घ्या.

भिंत आणि टिन यांच्या सांध्यात सिमेंटचा गोला मारायची आपल्याकडे सवय आहे. ओलं सिमेंट क्षारयुक्त असतं, ते ॲल्युमिनियम-जस्ताचा लेप खातं, शिवाय टिन तापून लांबलं की गोला तडकतो. त्या जागी टिनाचीच पट्टी लावा. छताखाली गोठा असेल तर मूत-शेणातून निघणारा अमोनियाही टिन खालून गंजवतो. तिथं हवा खेळती ठेवा. आणि टिन उडू नये म्हणून वर दगड, रेतीच्या गोण्या ठेवू नका. गोणीखाली ओल साचून भोक पडतं आणि वावधनात तोच दगड कुणाच्या तरी डोक्यावर जातो.

उन्हाचा खर्च पहिल्याच दिवशी करा. पांढरं किंवा फिकं टिन गडद निळ्या-लाल टिनापेक्षा कमी तापतं आणि महागही नसतं. फोम टिनाखाली नंतर घालता येत नाही, त्यासाठी पुन्हा टिन उकलावं लागतं. चैत्र-वैशाखात टिनावर पऱ्हाट्या पसरायची जुनी रीत अजून उपयोगी आहे, पण पावसाआधी त्या खाली उतरवा आणि विस्तवापासून दूर ठेवा.

झाड आणि पंचनामा

९ एप्रिल २०२३ च्या रात्री बाळापूर तालुक्यातल्या पारस इथं बाबूजी महाराज संस्थानाच्या टिनशेडवर जुनं कडुनिंबाचं झाड कोसळलं आणि ७ भाविकांचा जीव गेला. वादळात लोक आसऱ्याला शेडखाली थांबले होते. टिन पावसाला अडवतं, झाडाला अडवत नाही. छताचं अंदाजपत्रक करताना अंगणातल्या झाडाच्या वाळक्या आणि घरावर आलेल्या फांद्या छाटायची मजुरी त्यातच धरा. वादळात मोठ्या झाडाखालच्या शेडमध्ये थांबू नका.

छत गेलंच तर लगेच टिन गोळा करून डागडुजीला लागू नका. आधी फोटो काढा, तलाठ्यांना कळवा, पंचनामा होऊ द्या. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या आपत्ती निकषांत किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये आहेत. वरच्या हिशोबाशी ही रक्कम ताडून पाहा, म्हणजे सरकारच्या भरवशावर छत टाकता येत नाही हे लक्षात येईल.

माझं मत असं: वऱ्हाडातल्या जुन्या भिंतींच्या घराला ०.५० मिमीचं फिकं टिन, खाली फोम आणि बोल्टांनी भिंतीला जखडलेला सांगाडा, यापेक्षा परवडणारं छत आज दुसरं नाही. पैसे कमी पडत असतील तर एखादी खोली पुढच्या वर्षी झाका, पण बोल्ट आणि जाडी यांत काटकसर करू नका. आणि मिस्त्रीकडून कोटेशन घ्याल तेव्हा फुटाचा एक भाव घेऊ नका. टिन, सांगाडा, बांधणी, स्क्रू-पट्ट्या, फोम आणि मजुरी असे सहा आकडे वेगवेगळे लिहून मागा.