तुरुंगाचे दार आणि पहारेकरी

अभ्यासपाठ. वाचन : प्रेषितांची कृत्ये १२:१-१९; १६:१६-४०; इब्री १३:१-३



पाठ सुरू करण्यापूर्वी वरील तिन्ही उतारे पवित्र शास्त्रातून वाचावेत, अशी विनंती आहे. पहिल्या उताऱ्यात पेत्र तुरुंगात आहे, मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करीत आहे आणि देवदूत त्याला बाहेर काढतो. ही गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकत आलो आहोत. पण तिथे १९ वे वचन सहसा वाचले जात नाही. पेत्र सापडला नाही म्हणून हेरोदाने पहारेकऱ्यांची चौकशी केली आणि त्यांना मारून टाकण्याचा हुकूम दिला. दुसऱ्या उताऱ्यात फिलिप्पैच्या तुरुंगाची दारे भूकंपाने उघडतात, बंधने गळून पडतात, तरी पौल आणि सीला जागचे हलत नाहीत. जेलर तलवार उपसून स्वतःचा जीव घ्यायला निघतो, तेव्हा पौल त्याला अंधारातून ओरडून थांबवतो. एका तुरुंगातले पहारेकरी मेले, दुसऱ्यातला वाचला.

दोन्ही सुटका देवाच्याच, त्यात कमीजास्त ठरवणारा मी कोण? पण पहारेकऱ्याकडे पाहण्याची ही सवय लागली की तुरुंगाची प्रत्येक गोष्ट वेगळी दिसू लागते. अशीच एक घडलेली हकीकत या वेळी अभ्यासासाठी घेतली आहे. ती अमेरिकेतील आहे, १८५९ सालची.

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत काळ्या माणसांची गुलाम म्हणून खरेदी-विक्री होत असे, आणि ती कायदेशीर होती. कित्येक पाळक व्यासपीठावरून तिचे समर्थन करीत. पुढे ही प्रथा गेली. त्यासाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

जॉन ब्राऊन हा गुलामगिरीविरुद्ध पेटून उठलेला, बायबल जवळजवळ तोंडपाठ असलेला शेतकरी. १६ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री त्याने मोजके साथीदार घेऊन व्हर्जिनियातील हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारावर छापा घातला. हत्यारे गुलामांच्या हाती द्यायची आणि डोंगरातून लढा उभारायचा, असा त्याचा बेत होता. तो दोन दिवसांत कोसळला. ब्राऊनचे दहा साथी मारले गेले, त्यांत त्याचे दोन मुलगे होते. तो स्वतः जखमी होऊन पकडला गेला. चार्ल्सटाऊनच्या न्यायालयात खाटेवर पडून त्याने खटला ऐकला. २ नोव्हेंबरला फाशीची शिक्षा झाली, तारीख ठरली २ डिसेंबर. शिक्षेच्या वेळी त्याने जे निवेदन केले त्यात आज वाचायला दिलेल्या इब्री १३:३ चा आधार घेतला होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ब्राऊनला संत म्हणून आपल्या मंडळीपुढे उभे करणे मला मान्य नाही. तीन वर्षांपूर्वी, १८५६ च्या मे महिन्यात, कॅन्ससमध्ये त्याच्या टोळीने पाच माणसांना रात्री घरांतून ओढून नेऊन तलवारींनी मारले होते. हार्पर्स फेरीत त्याच्या माणसांच्या गोळीने पहिला मेला तो हेवर्ड शेफर्ड, रेल्वेत सामान हाताळणारा एक स्वतंत्र काळा माणूस. ज्यांच्यासाठी लढा, त्यांच्यातलाच. तेव्हा हा पाठ ब्राऊनच्या तलवारीविषयी नाही. हातातली तलवार गेल्यानंतरच्या त्या एका महिन्याविषयी आहे.

त्या महिन्यात त्याच्या सुटकेचे बेत शिजत होते. बोस्टनच्या मित्रांनी जॉर्ज हॉइट नावाचा २१ वर्षांचा वकील पाठवला. दाखवायला तो बचावाचा वकील, खरे काम तुरुंगाची पाहणी करून कळवण्याचे. लायसँडर स्पूनर यांची कल्पना तर अशी की, व्हर्जिनियाचे गव्हर्नर वाइज यांनाच पळवून बोटीत घालून समुद्रात न्यायचे आणि त्यांच्या बदल्यात ब्राऊनला मागायचे. पैसा उभा राहिला नाही आणि तो बेत बारगळला. थॉमस हिगिन्सन हे पाळक राहिलेले गृहस्थ थेट ब्राऊनच्या घरी, नॉर्थ एल्बाच्या डोंगरात गेले. ब्राऊन कोणाचे ऐकत नाही, निदान बायकोचे ऐकेल, म्हणून मेरीला त्यांनी प्रवासाला काढले. ती वाटेत असताना ब्राऊनने निरोप धाडला की येऊ नकोस.

पाड्यावरच्या आमच्या बायबल अभ्यासवर्गात मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा मागे बसलेल्या एका ताईंनी विचारले, “दादा, तिला काय पाहिजे होतं ते कुणी विचारलं का?” वर्ग थोडा वेळ गप्प झाला. मेरीने दोन मुलगे नुकतेच गमावले होते. एका बाजूने मित्र तिला नवऱ्याचे मन वळवायला नेत होते, दुसऱ्या बाजूने नवरा तिला अडवत होता. या भेटीत घरचा तुटपुंजा पैसा खर्च होईल आणि दोघांचेही दुःख वाढेल, असे त्याचे म्हणणे. शेवटी १ डिसेंबरच्या संध्याकाळी दोघांची भेट झाली, एकत्र जेवण झाले आणि रात्रीच तिला परत पाठवण्यात आले.

ब्राऊनने सुटायला नकार का दिला? एक कारण त्याने भावाला लिहून कळवले होते : आता इतर कशाहीपेक्षा फासावर जाण्यातच आपले मोल फार अधिक आहे. यात थोडा अभिमान आहे असे मला वाटते, पण हिशेब चूक नव्हता. दुसरे कारण होते जेलर कॅप्टन जॉन एव्हिस. हा माणूस ब्राऊनशी माणुसकीने वागला आणि त्याच्याशी दगा करायला ब्राऊन तयार नव्हता. गुलामगिरीचे समर्थन करणाऱ्या पाळकांना मात्र त्याने आपल्यासाठी प्रार्थना करू दिली नाही. पाळकाला नकार आणि जेलरवर माया! २ डिसेंबरला तो स्वतःच्याच शवपेटीवर बसून गाडीतून वधस्तंभाकडे गेला. वाटेत त्याने एका काळ्या बाळाचे चुंबन घेतले, हे प्रसिद्ध चित्र आहे खरे, पण तसे घडले नाही. सैनिकांच्या रांगांपलीकडून कोणाला जवळ येऊच दिले नव्हते.

आता मदतीविषयी थोडे. हे आपल्यासारख्या वर्गणीदार-देणगीदारांसाठी आहे. ब्राऊनला गुपचूप पैसा पुरवणारे सहा प्रतिष्ठित गृहस्थ होते. तो पकडला गेल्याची बातमी आली तेव्हा त्यांपैकी काही जण कॅनडात निघून गेले आणि एक जण वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाला. आजारपणामुळे एक जण आधीच इटलीत होता. हिगिन्सन तेवढे उघडपणे जागेवर राहिले. पैसा देणे आणि पैसा दिल्याचे कबूल करणे यात किती अंतर असते ते या सहा जणांत दिसते. आणि ज्यांच्या पाठीशी धनवान मित्र नव्हते त्यांचे काय? छाप्यातले काळे साथीदार शील्ड्स ग्रीन आणि जॉन कोपलँड १६ डिसेंबरला फासावर गेले. त्यांचे मृतदेह वैद्यकीय विद्यार्थ्यांनी चिरफाडीसाठी नेले. कोपलँडच्या आईवडिलांना मुलाचा देह शेवटपर्यंत मिळाला नाही.

दोन साथीदार अजून तुरुंगात होते, ॲरन स्टीव्हन्स आणि अल्बर्ट हॅझलेट. १८६० च्या फेब्रुवारीत त्यांना सोडवायला कॅन्ससहून काही माणसे पेनसिल्व्हेनियात येऊन थांबली. त्यांच्यात सायलस सोल नावाचा २१ वर्षांचा तरुण होता. (सायलस म्हणजे आपल्या मराठी बायबलातला सीला. योगायोग म्हणा, मला तो फार आवडतो.) आदल्या वर्षी जुलैमध्ये याच मंडळींनी डॉ. जॉन डॉय यांना मिसूरीच्या तुरुंगातून गोळी न झाडता बाहेर काढले होते. आता सोलने दारुड्या आयरिश माणसाचे सोंग घेतले, चार्ल्सटाऊनच्या रस्त्यात धिंगाणा घातला आणि त्याला हवे होते तसे रात्रीपुरते कोठडीत पडला. तिथे तो त्या दोघांशी बोलला. दोघांनी नको म्हटले. पहारा कडक होता. सुटका करायची तर रक्त सांडणार, आणि एव्हिस आधी मरणार. १६ मार्चला दोघांना फाशी झाली. सोल ब्राऊनलाच भेटला असेही सांगितले जाते, पण तो आत गेला तेव्हा ब्राऊनला जाऊन दोन महिने उलटले होते.

सोल रिकाम्या हाताने परतला. पुढचा भाग आपल्या कार्याशी थेट जोडलेला आहे, म्हणूनच मी ही हकीकत निवडली. चार वर्षांनी सोल कोलोरॅडोच्या घोडदळात कॅप्टन होता. २९ नोव्हेंबर १८६४ च्या पहाटे सुमारे सातशे सैनिक सँड क्रीक येथील शायन आणि अरापाहो आदिवासींच्या वस्तीवर चालून गेले. वस्तीचे प्रमुख ब्लॅक केटल यांनी अमेरिकेचा झेंडा आणि सोबत पांढरे निशाण लावले होते. सुमारे २३० माणसे मारली गेली, बहुतेक स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे. हल्ल्याचा हुकूम देणारा कर्नल जॉन चिव्हिंग्टन हा मेथडिस्ट पाळक होता. आणि तो गुलामगिरीच्या विरोधात होता! काळ्या माणसासाठी ज्याचे मन द्रवत होते त्याला आदिवासी लेकराकडे पाहून काही वाटले नाही. हे वाक्य लिहून मी बराच वेळ थांबलो. आपण कोणासाठी प्रार्थना करतो आणि कोण आपल्या प्रार्थनेत कधीच येत नाही, हे गटात बसून मोकळेपणाने बोलावे.

सोलने आपल्या तुकडीला गोळी झाडण्याचा हुकूम दिला नाही. त्याची माणसे गोळी न झाडता उभी राहिली. दोन आठवड्यांनी त्याने जे पाहिले ते मेजर वायनकूप यांना पत्राने कळवले, आणि १८६५ च्या फेब्रुवारीत डेन्व्हरला चौकशीपुढे साक्ष दिली. १ एप्रिलला त्याचे लग्न झाले. २३ एप्रिलच्या रात्री भर शहरात त्याला गोळी घालून मारण्यात आले. मारेकरी पुढे पकडला गेला, पण कोठडीतून निसटला आणि खटला कधी उभा राहिला नाही. चिव्हिंग्टनला कसलीही शिक्षा झाली नाही. त्याच्या चर्चच्या वारसांनी, युनायटेड मेथडिस्ट चर्चने, माफी मागणारा ठराव केला तो १९९६ साली.

गटचर्चेत पेत्राचे पहारेकरी, एव्हिस आणि सँड क्रीकच्या त्या पहाटे हुकुमाची वाट पाहणारे सोलचे शिपाई या तिघांना शेजारी ठेवून बोलावे. घाई करू नये. पौलाने जेलरला हाक मारली तेव्हा त्याला स्वतःला काय गमवावे लागू शकत होते, हेही पाहावे.

शायन आणि अरापाहो लोकांचे वंशज दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस सँड क्रीकपासून डेन्व्हरपर्यंत धावत येतात. शेवटच्या दिवशी पहाटे ते रिव्हरसाइड दफनभूमीत सोलच्या कबरीपाशी थांबतात, तिथे प्रार्थना करतात आणि मग शहराकडे निघतात.