नाट्यशिक्षण आणि संगणक-संशोधन

‘नाटक ही काय कॉलेजात जाऊन शिकण्याची गोष्ट आहे?’ हा प्रश्न दरवर्षी बारावीचे निकाल लागले की आमच्या कानी येतो. विचारणाऱ्या पालकांचा हेतू वाईट नसतो. मुलाने पोटापाण्याला लागावे, एवढीच त्यांची इच्छा असते. गेल्या वर्षी आमच्या शाळेतील एका मुलीच्या बाबतीत हाच पेच पडला. गणितात ती वर्गात पहिली, आणि स्नेहसंमेलनाचे नाटक बसविण्यातही तीच पुढे. वडील भेटायला आले आणि म्हणाले, ‘‘सर, हिला कॉम्प्युटरला घालायचं ठरलंय. नाटकाचं खूळ तेवढं तुम्हीच हिच्या डोक्यातून काढा.’’ आम्ही ते काढले नाही. पण त्यांना नीट उत्तरही त्या वेळी देता आले नाही. ते आज देण्याचा विचार आहे.

प्रथम नाट्यमहाविद्यालयात शिकवतात तरी काय, ते पाहू. अभिनय म्हणजे नुसते सोंग आणणे नव्हे. या पात्राला काय हवे आहे, त्याच्या आड काय येते, आणि त्या अडथळ्यापुढे ते काय करते, या तीन प्रश्नांची उत्तरे संहितेतून शोधून काढणे हा या अभ्यासाचा पाया आहे. रशियात स्तानिस्लाव्हस्की यांनी तो पद्धतशीर घातला. दिग्दर्शनाचा अभ्यास याच्या पुढचा. कोण कोठे उभा राहील, कोणत्या वाक्यानंतर किती थांबायचे, प्रेक्षकाची नजर केव्हा कोणाकडे जावी, हे सारे दिग्दर्शकाला आधी ठरवावे लागते. आणि ते ठरविले आहे असा प्रेक्षकाला संशयही येता कामा नये.

आपल्या देशात दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली स्थापन झाले. १९६२ ते १९७७ पर्यंत इब्राहिम अल्काझी हे त्याचे संचालक होते. त्यांचा जन्म पुण्याचा, आणि नाट्यशिक्षण लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमधील. त्यांची शिस्त कडक. नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा यांची माहिती नसलेला नट अर्धाच, अशी त्यांची शिकवण होती. तेव्हा हे खूळ नव्हे, ही मेहनतीची विद्या आहे.

आता या विद्येचा संगणकाशी काय संबंध? याचा उत्तम दाखला अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरी सापडतो. पोलादासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावातील एका तंत्रशिक्षण संस्थेने १९१४ साली नाट्यकलेची पदवी देण्यास आरंभ केला. अमेरिकेतील या विषयाची ती पहिली पदवी होय. त्याच संस्थेत १९६५ साली संगणकशास्त्राचा विभाग निघाला. आज तिला कार्नेगी मेलन विद्यापीठ म्हणतात.

तेथे १९९० च्या सुमारास जोसेफ बेट्स या संशोधकाने एक प्रश्न हाती घेतला. संगणकातील गोष्टीत वाचक स्वतःच एक पात्र म्हणून शिरला, तर बाकीची पात्रे त्याला जिवंत कशी वाटतील? पात्र केवळ हुशार असून भागत नाही. त्याला राग, लोभ, भीती आणि स्वतःची इच्छा हवी. हे जाणणारे लोक त्याच विद्यापीठाच्या नाट्यविभागात होते. तेव्हा यंत्रावर सारी भिस्त न ठेवता त्यांनी खऱ्या नटांवर प्रयोग केला. बसस्थानकाचा देखावा उभारला, त्यात नट ठेवले आणि एका सामान्य माणसाला आत सोडले. दिग्दर्शक बाहेरून नटांच्या कानात सूचना देत राही. १९९३ साली या प्रयोगाचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यातून एक मौजेची गोष्ट दिसली. बाहेरून बघणाऱ्यांना जो प्रसंग संथ वाटला, तो आतल्या माणसाला मुळीच संथ वाटला नाही; तो त्यात पुरता गुंतला होता. म्हणजे प्रेक्षकासाठीचे नाटक आणि सहभागी होणाऱ्यासाठीचे नाटक यांची मोजमापे निराळी. हे ज्ञान गणिताने मिळाले नसते. ते रंगमंचाने दिले.

याच गटात शिकलेले मायकेल मटीस यांनी अँड्र्यू स्टर्न यांच्यासह २००५ साली ‘फसाड’ नावाचे संगणकीय नाटक लोकांपुढे ठेवले. एका जोडप्याच्या घरी आपण पाहुणे म्हणून जातो; त्यांच्या संसारातील कुरबुर आपल्यासमोर उघडी पडते; आपण जे टंकित करू त्याप्रमाणे वीसेक मिनिटांचा तो प्रसंग वळण घेतो. दिग्दर्शकाचे काम येथे यंत्राकडे सोपविले आहे.

उलट बाजूचाही दाखला तेथेच आहे. नाट्यविभागाचे डॉन मारिनेली आणि संगणकशास्त्राचे रँडी पॉश या दोन प्राध्यापकांनी मिळून त्याच विद्यापीठात मनोरंजन-तंत्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला. तेथे संगणकाच्या विद्यार्थ्यालाही आयत्या वेळच्या अभिनयाचे धडे घ्यावे लागतात. समोरच्याने जे दिले ते नाकारायचे नाही, त्यात आपली भर घालायची, हा त्या अभिनयाचा पहिला नियम. चार जणांनी मिळून यंत्र घडवायचे असेल तर याहून उपयोगी धडा कोणता?

ही गोष्ट परकी वाटू नये. आमच्या वडोदऱ्यात १८८६ साली सयाजीराव महाराजांनी गायनशाळा काढली आणि ती मौलाबक्षांच्या हाती दिली. उस्तादाजवळ बसून कानाने उचलायची विद्या मौलाबक्षांनी स्वरलिपीत लिहून वर्गातल्या मुलांपुढे ठेवली. अंगात मुरलेली कला लिहून काढता येते काय, हाच प्रश्न त्यांच्यापुढे होता आणि पिट्सबर्गच्या संशोधकांपुढेही. त्या गायनशाळेच्या परंपरेतूनच आज महाराजा सयाजीराव विद्यापीठात संगीत, नृत्य आणि नाट्य यांचे पदवी-शिक्षण मिळते.

नाट्यपदवीने नोकरी ठेवलेलीच आहे, असे आम्ही म्हणणार नाही. नाट्यविभागाचा प्रत्येक विद्यार्थी संगणक-संशोधक होईल, असेही नाही. आमचे म्हणणे इतकेच, की एक विद्या शहाणपणाची आणि दुसरी खुळाची, ही विभागणी चूक आहे. ती मुलगी आज संगणकाच्या वर्गात आहे. तेथे ती चमकेल, याबद्दल आम्हांस शंका नाही. पण तिची नाटकाची वही कपाटात बंद आहे, असे परवा तिने सांगितले तेव्हा आम्हांस वाईट वाटले.

आपल्या ट्रस्टच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात अभियांत्रिकी, वैद्यक, वाणिज्य यांना स्वतंत्र रकाने आहेत. नाट्यशास्त्र मात्र ‘इतर’ मध्ये पडते. महोत्सवाच्या या वर्षी विश्वस्तांनी तेवढा एक रकाना वाढवावा. आणि त्या मुलीच्या वडिलांनी हा अंक वाचला, तर ती वही आज संध्याकाळी कपाटातून बाहेर काढू द्यावी, एवढी विनंती करून लेख पुरा करतो.