हृदयातील यंत्र आणि आंतरजालावरील माहिती

हृदयाचे ठोके त्यातीलच एका पेशीसमूहात उत्पन्न होणाऱ्या विद्युत्-स्पंदांमुळे पडतात. हे स्पंद मंदावले किंवा त्यांचा मार्ग खंडित झाला, म्हणजे पेसमेकर बसवावा लागतो. असा पहिला पेसमेकर १९५८ साली स्टॉकहोम येथे आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसविण्यात आला. तो काही तासांतच बंद पडला. तथापि पुढील यंत्रांच्या साहाय्याने लार्सन २००१ सालापर्यंत जगले. हृदयाची लय घातकपणे बिघडताच विजेचा धक्का देऊन ती पूर्ववत करणारे डिफिब्रिलेटर हे यंत्र १९८० साली बाल्टिमोर येथे प्रथम मानवी शरीरात बसविले गेले.

घरी परतलेल्या रुग्णाला अनेक प्रश्न पडतात. हात वर उचलावा काय? मोबाईल कोठे ठेवावा? धक्का बसल्यास काय करावे? डॉक्टरांची भेट कित्येक महिन्यांनी व थोडाच वेळ होते. म्हणून रुग्ण आंतरजालाकडे वळतो. तेथे त्याला माहितीबरोबर समदुःखी माणसेही भेटतात. धक्क्याची भीती ज्याने स्वतः अनुभवली आहे, त्याच्या शब्दांनी मिळणारा धीर निराळाच असतो.

परंतु एकाचा अनुभव दुसऱ्यास लागू पडेलच असे नाही. चुंबक जवळ आणल्यास पेसमेकर सामान्यतः ठराविक गतीने स्पंद देऊ लागतो. डिफिब्रिलेटरची मात्र धक्का देण्याची क्रिया तेवढ्यापुरती थांबते. म्हणजे पेसमेकर असलेल्याने ‘मला काही झाले नाही’ असे प्रामाणिकपणे सांगितले, तरी त्यावर विसंबणे डिफिब्रिलेटर असलेल्याच्या जिवावर बेतू शकते. माहिती जुनीही होते. पूर्वी अशा रुग्णांना एमआरआय तपासणी बहुधा वर्ज्य मानीत. आता अनेक यंत्रांच्या बाबतीत ती ठराविक अटींवर करता येते. उलट, काही नव्या मोबाईलमध्ये चुंबक असल्याने मोबाईल यंत्रापासून सुमारे १५ सेंटिमीटर दूर ठेवण्याचा सल्ला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ साली दिला.

यास्तव मजकूर कोणी व केव्हा लिहिला हे प्रथम पाहावे, आणि तो आपल्याच प्रकारच्या यंत्राविषयी आहे काय, हे यंत्राच्या ओळखपत्रावरून पडताळावे. मनात आलेले प्रश्न लिहून डॉक्टरांकडे न्यावेत. एक धक्का बसून बरे वाटत असल्यास डॉक्टरांना कळवावे. लागोपाठ धक्के बसल्यास, अथवा छातीत दुखणे वा मूर्च्छा असल्यास, वाचीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. धीर सहरुग्णांकडून घ्यावा. औषध व यंत्राची जुळणी यांतील बदल मात्र डॉक्टरांनीच करावा.