पीपीचा दाणा घेताना : होमो की सीपी?



मोल्डिंग सुरू करणारे बरेच जण विचारतात, "सर, पीपीचा दाणा सगळा सारखाच ना? मग स्वस्त मिळेल तो घेऊ." थांबा! होमो दाण्याचे क्रेट बनवून कोल्ड स्टोरेजवाल्याला दिलेत, तर ते तडकतील आणि माल परत येईल. नफा तिथेच संपला.

असं का होतं? होमो म्हणजे नुसतं पॉलिप्रॉपिलीन. ते कडक असतं, पण तापमान शून्य अंशाच्या आसपास गेलं की ठिसूळ होतं. यावर उपाय म्हणजे सीपी, म्हणजेच इम्पॅक्ट कोपॉलिमर. तो दोन टप्प्यांत बनतो.

पहिला टप्पा : रिअ‍ॅक्टरमध्ये प्रॉपिलीन आणि कॅटॅलिस्ट. हा कॅटॅलिस्ट म्हणजे मॅग्नेशियम क्लोराईडवर बसवलेलं टायटॅनियम क्लोराईड, जोडीला अ‍ॅल्युमिनियमचं संयुग. साधारण 70 अंश सेल्सिअसला प्रत्येक कणावर प्लास्टिक वाढत जातं आणि बारीक छिद्रांचा दाणा तयार होतो. या कॅटॅलिस्टचा पाया घालणाऱ्या झिग्लर आणि नाट्टा यांना 1963 साली नोबेल मिळालं.

दुसरा टप्पा : तीच पावडर पुढच्या रिअ‍ॅक्टरमध्ये जाते. आतला कॅटॅलिस्ट अजून काम करतच असतो. आता प्रॉपिलीनसोबत इथिलीनही सोडतात. दोन्ही मिळून रबर बनतं, तेही दाण्याच्या छिद्रांत. त्यामुळे पावडर चिकट न होता मोकळी राहते.

वस्तूला धक्का बसला की हे रबराचे बारीक कण तो जिरवतात, चीर पुढे पळत नाही. बदल्यात कडकपणा थोडा कमी होतो आणि वस्तू पारदर्शक राहत नाही. आरपार दिसणारा डबा हवा असेल तर रँडम कोपॉलिमर मागा.

आता ऑर्डर देण्याआधी तीन कामं करा :

1. व्यापाऱ्याकडून ग्रेडची डेटाशीट घ्या. एमएफआय आणि इम्पॅक्टचा आकडा दोन्ही बघा. नुसत्या एमएफआयवरून होमो की सीपी ते कळत नाही.

2. सॅम्पलचे चार-पाच नग काढा, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्याबरोबर कंबरेच्या उंचीवरून फरशीवर टाका. तडकले तर तो दाणा क्रेटसाठी नको.

3. भंगाराचा दाणा मिसळणार असाल, तर मिसळल्यावर हीच चाचणी पुन्हा करा.

किलोमागे वाचलेले चार रुपये बघताना परत येणाऱ्या मालाचा खर्चही वहीत लिहा. मग ठरवा, स्वस्त काय!

तुम्ही कुठली वस्तू बनवणार आहात? खाली नक्की कळवा.